परदेशी बाईचा मुक्काम

बहात्तर साली वडील वारले म्हणून मी जर्मनीहून कोल्हारला आले, ती तीन महिन्यांच्या व्हिसावर. नवऱ्यापाठोपाठ तिकडे गेले होते, नागरिकत्वही तिकडचंच घेतलं होतं. घरी पोचले तर दाराला चुलतभावाचं कुलूप. वडिलांनी चार वर्षांपूर्वीच घर आपल्याला बक्षीसपत्राने दिलं, असं तो सांगत होता. मला सख्खा भाऊ नाही, म्हणून यालाच मी लहानपणापासून दर भाऊबीजेला ओवाळलं होतं.

दुसऱ्या दिवशी तो साडीचोळी घेऊन आला. बहिणीने माहेरचा हिस्सा सोडायचा आणि भावाने तिची अशी बोळवण करायची, ही आमच्याकडची रीत.

"आक्का, साडी घे अन् सोडपत्रावर सही कर. तुझं हितं काय हाय आता?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. साडी त्याच्याच हातात कोंबली, लोहाराला बोलावून कुलूप तोडलं, चूल पेटवली आणि नगरच्या कोर्टात दावा लावला.

मग त्याच्या वकिलाने तारखांवर तारखा घ्यायला सुरुवात केली. कधी वकील आजारी, कधी साक्षीदार गावाला. व्हिसा संपून मी निघून जावं आणि माझी साक्षच होऊ नये, एवढाच त्यांचा डाव होता.

मुदत वाढवून मागायला नगरच्या पोलीस कचेरीत गेले. ज्या शहरात मी मॅट्रिक झाले, तिथे परदेशी नागरिक म्हणून मला दिवसभर बाकावर बसवलं. कारकून माझ्याशी मोडक्यातोडक्या इंग्रजीत बोलत होता आणि मी मराठीत उत्तरं देत होते. शेवटी म्हणाला, तुम्ही राहता कुठे त्याचा गावच्या पोलीस पाटलाकडून अहवाल लागेल. आमच्या गावचा पोलीस पाटील म्हणजे हाच चुलतभाऊ. हसावं की भिंतीवर डोकं आपटावं, कळेना. मी त्याच्या दारात गेले नाही. म्हटलं, लिही मेल्या काय लिहायचं ते.

त्याने मनापासून लिहिलं. पंधरा दिवसांनी कारकुनाने वाचून दाखवलं: "सदर परदेशी बाई मयत वडिलांच्या मालकीच्या घरात कुलूप तोडून दांडगाईने राहतात. त्यांस तातडीने परत पाठवावे."

मी त्याला ते पुन्हा वाचायला लावलं. घर वडिलांच्या मालकीचं राहिलंच नव्हतं असं कोर्टात शपथेवर सांगणाऱ्याने इथे शिक्क्यानिशी उलटं लिहून दिलं होतं. दावा चालू असल्याचे कागद पाहून साहेबांनी दोन महिने वाढवून दिले. मी अहवालाची नक्कल मागून घेतली.

कोर्टात माझ्या वकिलाने ती त्याच्यापुढे धरली आणि सही तुमचीच ना, असं विचारलं.

"व्हय," तो म्हणाला.

पुढच्या तारखेला त्याने माघार घेतली आणि घर माझं ठरलं. गाव म्हणालं, झालं गेलं विसर, भाऊ आहे तुझा. मी विसरले नाही, आजही नाही. कोर्टाने मला वडिलांचं घर दिलं, तेव्हा त्यात राहायला सरकारने माझ्यासाठी अकरा दिवस शिल्लक ठेवले होते.