वेशीबाहेरच्या वस्तीचं नाव

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाय. पोरीला माहीत हाय, पण तिच्याशीही त्यावर पुन्हा बोललो नाय. तुमाला सांगतो.

त्या दुपारी आमी दोघं ओटीवर मोडाचे वाल सोलत बसलेलो. माझी बायको भागी मधेच म्हणाली, "ओ, माझं नाव अजून हाय ना त्या खेळात?"

मी म्हटलं, "हाय की. जाणार कुठं?"

ती हसली. "तुमी बांधलेल्या बंगल्यांवर मालकांची नावं. माझं बघा."

दिवे लागायच्या आत ती गेली. छातीत दुखतंय म्हणाली — नि गेली.

कसलं नाव? आमची पोर सुजाता मुंबईत कॉम्प्युटरवरचे खेळ बनवणाऱ्या कंपनीत होती. जुन्या काळचं नगर उभं करायचं, असा खेळ. प्रत्येक इमारतीला संस्कृत नाव. धान्याच्या कोठाराला कोष्ठागार, पाणपोईला प्रपा. साहेबानं बजावलेलं, नावानं कोणाचा अपमान व्हायला नको. देवळांच्या नावांवर म्हणे दिवस-दिवस चर्चा. नि कोटाबाहेरच्या वस्तीला? अंत्यजवसती. शेवटच्या जातीत जन्मलेल्यांची. पुस्तकात तसंच हाय म्हणून. त्यावर चर्चा कशाला करतील?

पोर डोळखांबला घरी आली, तेव्हा तिनं आईला हे सांगितलं. आमी बौद्ध. बापानं धर्म बदलला तेव्हा आमच्या वाड्याचं जुनं नावही टाकलं. पण गावाच्या तोंडातून ते जायला एक पिढी मरावी लागली.

भागी शाळेत गेलेली नाय. मी गवंडी, ती जन्मभर माझ्या हाताखाली पाट्या उचलायची. म्हणाली, "तो कोट बांधला कोणी गो? बाहेरच्यांनीच ना? मग बांधणाऱ्यांचा गाव म्हण." पोरीनं त्याचं संस्कृत केलं — शिल्पिग्राम. भागीनं ते हळूच म्हणून बघितलं, जीभ भाजेल अशा बेतानं.

दुसऱ्या दिवशी पोरीला एसटीला सोडायला मी गेलो. फाट्यावर उभं राहून तिला म्हटलं, "साहेबाला काय बोलू नको. हाय ते नाव राहू दे."

का? ऑफिसात ती गावाच्या नावावरनं केलेलं आडनाव लावायची, जात कळू नये म्हणून. नाव बदला म्हणाली असती, तर कोणी विचारलंच असतं — तुला का लागलं? नोकरी जाईल, असं मी तिला घाबरवलं. पण भीती तिच्या नोकरीची होती का? नाय. मुरबाडला मी हेच आडनाव सांगून बंगले बांधलेले. मालकांच्या पंगतीला बसून जेवलेलो. त्यातल्याच एकाच्या ओळखीनं पोरीला काम लागलेलं. तिचं कळलं की माझं कळणार. मला माझं ताट सांभाळायचं होतं — एवढंच.

पोर एसटीत बसली. खिडकीतून बघितलं नाय.

पुढं मी भागीला खोटंच सांगितलं, लागलं तुझं नाव. तिनं ते नळावर सांगितलं, भातलावणीत सांगितलं, लग्नाच्या मांडवात सांगितलं. बाया चिडवायच्या, "ए संस्कृतवाली, आधी हंडा उचल." तिला ते आवडायचं. पोर सणाला आली नि भागीनं विचारलं, की पोरीच्या आधी मीच उत्तर द्यायचो. मग पोर यायचीच कमी झाली. भागी मला विचारायची, पोरीचं काय बिनसलंय? मी म्हणायचो, काम असतं.

ती गेली त्याच्या दुसऱ्या सकाळी वाड्यातल्या बाया घरात बसलेल्या. भागी मधे निजवलेली. पोर पहिल्या गाडीनं आलेली. कालचे वाल टोपात तसेच. शेजारची काशी डोळे पुसत म्हणाली, "सुजाता, आईनं ठेवलेलं ते नाव एकदा आमाला दाखव गो बाय."

पोरीनं तोंड वर केलं. माझ्याकडं बघितलं. ती आता खरं बोलणार, हे मला दिसलं. आईसमोर तरी बोलेल, असंच तिचं तोंड होतं.

मी मधेच म्हटलं, "हाय ते. मी सोता बघितलंय."

पोरीनं मान खाली घातली. मी टोप उचलला, मागच्या दारानं गेलो नि वाल उकिरड्यावर ओतून आलो.