पेशंटसोबत दम धरणाऱ्या ताई

अमरावतीच्या एमआरआय सेंटरात मी नवा डॉक्टर म्हणून लागलो, तेव्हा तिथल्या टेक्निशियन ताईंची एक सवय मला विचित्र वाटायची. पोटाच्या तपासणीत माइकवरून "दम धरा" म्हटलं, की काचेअलीकडे बसलेल्या ताई स्वतःही श्वास रोखायच्या. एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "मलेच जड गेलं त आतल्या माणसाले किती जात असन, हे समजते."

ताई वलगावच्या. माइकवर त्या वऱ्हाडीच बोलत. पुस्तकी मराठी ऐकली की पेशंट अवघडून जातो, असं त्यांचं मत होतं.

हिवरखेडच्या एक काकू आल्या होत्या. दोन वर्षांपासून त्यांचं तोंड एकाएकी लाल होऊन तापायचं, जुलाब लागायचे. कुणी म्हणे वय, कुणी म्हणे मनाचं. सोनोग्राफीत काही सापडलं नव्हतं. एमआरआयच्या खडखडाटात त्यांना श्वास रोखता येईना, आणि यकृताची चित्रं सगळी पुसट आली. बाहेर सहा पेशंट ताटकळलेले.

मी म्हटलं, "ताई, राहू द्या. विशेष काही दिसत नाही."

"दिसत नाई अन् नाई, यात फरक आहे, डॉक्टरसाहेब."

त्यांनी काकूंना मशीनबाहेर घेतलं, पोटावर हात ठेवला. "काकू, घाई नाई. आदी पुरा सोडा, मंग थांबा. छाती भरून नोका धरू." सात-आठदा सराव झाला. मग पुन्हा तपासणी.

या वेळी चित्रं स्वच्छ आली. लहान आतड्याजवळ एक गाठ होती, भोवतालची आतडी तिनं स्वतःकडे ओढून घेतलेली. यकृतात तांदळाएवढे ठिपके, शिरेतून औषध जाताच उजळणारे. तो कार्सिनॉइड होता; हळू वाढणारा, रक्तात रसायनं सोडून चेहरा लाल करणारा ट्यूमर. आणि मी रिपोर्टात 'सामान्य' लिहायला निघालो होतो. ती लाज अजून गेलेली नाही.

नागपूरला ऑपरेशन झालं. काकूंना दर महिन्याला इंजेक्शन घ्यावं लागतं, पण ठिपके वाढलेले नाहीत. यंदा त्यांनी स्वतः उभं राहून शेतात तूर पेरून घेतली.

ताईंच्या निवृत्तीच्या थोडं आधी अकोल्यात डॉक्टरांची एक सभा होती. तिथे मी ही केस मांडली. शेवटी म्हणालो, "मी फक्त चित्र वाचलं. ते काढलं यांनी," आणि मागच्या रांगेतल्या ताईंना पुढे बोलावलं.

त्या पदर सावरत आल्या. माइक हातात घेऊन एवढंच बोलल्या, "पेशंट हलला असं तुमी रिपोर्टात लिहिता. त्याले कोणी शिकवलं होतं का, हेबी लिहीत जा."

पहिल्या रांगेत मला रिपोर्ट लिहायला शिकवणारे माझे जुने गुरुजी बसले होते. त्यांनी खिशातून पेन काढला आणि ते वाक्य उतरवून घेतलं.