गाडी किती बसते

शोभावहिनींचा फोन आला तेव्हा मी जळगावच्या माझ्या दुकानात एका पंपाची मोटर उघडून बसलो होतो. मोटर रिवाइंडिंगचं काम, हात ग्रीसने भरलेले, म्हणून फोन स्पीकरवर घेतला. वहिनी रडत नव्हत्या. म्हणाल्या, "भाऊ, हे गेले. आत्ताच. तुम्ही या, पण गाडी हळू चालवत या." मी काही बोलायच्या आत त्यांनीच फोन ठेवला. धुळ्याच्या रस्त्याला लागलो, एरंडोल गेलं, पारोळा गेलं, आणि मी खरोखरच इतका हळू चाललो होतो की मागचे ट्रकवाले हॉर्न देत होते. तीस वर्षं नवऱ्याला जे सांगितलं आणि त्याने कधी ऐकलं नाही, ते वहिनींनी त्या दिवशी मला सांगितलं होतं. निदान मी तरी ऐकायला हवं, एवढंच डोक्यात होतं.

वहिनींचा नवरा यशवंतभाऊ धुळ्याचा, देवपुरात राहणारा. नरडाण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात देखभाल विभागात नोकरी. वयानं माझ्याहून सहा वर्षांनी मोठा, पण आमच्यात अरे-तुरेच. ओळख झाली ती शर्यतीत. मातीतल्या मोटरसायकल शर्यती आमच्या भागात कुणाला फारशा माहीत नाहीत. एखाद्या माळावर जेसीबीने उंचवटे आणि वळणं करतात, दोरी बांधतात, गावातली माणसं कडेला उभी राहतात, आणि वीस-पंचवीस जण धुळीत घुसतात. तेव्हा आमच्याकडे खऱ्या मोटोक्रॉसच्या गाड्या नव्हत्या. दूध घालायला जायच्या, ऑफिसला जायच्या साध्या गाड्याच घ्यायच्या, दिवे काढायचे, मागचा दांडा कापायचा, शॉकअपमध्ये जाड तेल भरायचं, की झाली शर्यतीची गाडी. असल्या गाड्यांवर भाऊनं मला वर्षानुवर्षं हरवलं. मी जिंकलो असेन दोन-तीनदा, आणि ते त्याची चेन तुटली म्हणून किंवा तो पडला म्हणून. पडला तरी उठून शेवटपर्यंत यायचा, आणि हेल्मेट काढायच्या आधी माझ्याकडे येऊन विचारायचा, "काय रे, पलीकडला उतारवर तू गियर का टाकस?" स्वतःच्या पडण्याबद्दल एक अक्षर नाही. मी कुठे चुकलो तेवढं त्यानं पडता पडता पाहिलेलं असायचं.

मुलगी पुण्याला नोकरीला लागली आणि भाऊनं खरी गाडी घेतली. कारखान्यातून मोटोक्रॉससाठीच बनून आलेली, दिवा नाही, आरसा नाही, नंबरची पाटी नाही, सीट माझ्या कमरेच्या वर. सेल्फ स्टार्टरही नाही, नुसती किक. टेम्पोतून ती देवपूरच्या त्यांच्या अपार्टमेंटखाली उतरली त्या दिवशी मी जळगावहून मुद्दाम गेलो होतो. वहिनी खाली आल्या, गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाल्या, "हिला मागे बसायला जागाच नाही." भाऊ हसला, पण वहिनी हसल्या नाहीत. मग त्यांनी हळदीकुंकू लावलं, नारळ फोडला, आणि वर जाऊन आम्हाला चहा पाठवून दिला.

नवीन गाडी म्हणजे घेतली आणि पळवली, असं नसतं. पहिले काही महिने ती आपल्या अंगाची करून घ्यावी लागते. नरडाण्याच्या पुढे भाऊच्या मामेभावाची पडीक जमीन आहे, अर्धी मुरमाची, अर्धी काळ्या मातीची. तिथे आम्ही दर रविवारी जायचो. पहिलं माप असतं गाडी किती बसते याचं. गाडी उभी करून मागच्या चाकाच्या आसापासून मडगार्डवरच्या एका खुणेपर्यंत पट्टी लावायची. मग चालवणाऱ्यानं पूर्ण पोशाख घालून वर बसायचं आणि पुन्हा मापायचं. माणसाच्या वजनाने मागचा भाग जितका खाली दबतो, तेवढी गाडी बसली. कमी बसली तर मागून उडते, जास्त बसली तर पुढचं चाक वळणावर घसरतं. स्प्रिंगवर एक रिंग असते, ती आवळून किंवा सैल करून हे जमवायचं. भाऊ बसायचा, मी पट्टी लावायचो. पहिल्या दिवशी तासभर झटलो आणि माप अगदी हवं तसं आलं. भाऊनं रिंगजवळ पांढऱ्या रंगाचा एक ठिपका दिला आणि म्हणाला, "आते ही मन्ही झाली."

त्यानंतरचं काम जास्त नाजूक. शॉकअप किती लवकर दबावा आणि दबल्यावर किती लवकर परत यावा, त्यासाठी बारीक स्क्रू असतात. एक-एक टक् फिरवायचा, दोन चकरा मारायच्या, थांबून बोलायचं. कधी भाऊ चालवायचा, कधी मी. मी चकरा मारून आलो की तो विचारायचा, "कसं वाटनं?" सुरुवातीला मी म्हणायचो, भाऊ, भारी आहे. तो वैतागायचा. "भारी शे ते माले माहीत शे. कोठे भारी शे ते सांग." मग मी आठवू लागायचो. उंचवट्यावरून उडताना सरळ जाते, पण उतरल्यावर मागून एक धक्का जास्त देते. ब्रेक मारायच्या जागी जमिनीला लहरी पडतात ना, तिथे हँडल हातात थरथरतं. काळ्या मातीत बरी वाटते, मुरमावर वळताना पुढचं चाक काय करतंय ते कळत नाही. असं बोललं की त्याचा चेहरा उजळायचा. गुडघ्यावर बसून तो स्क्रू फिरवायचा आणि म्हणायचा, आता पुन्हा जा, आणि तीच जागा बघ, दुसरं काही बघू नको. माझ्या आयुष्यात माझं म्हणणं इतकं लक्ष देऊन कुणी ऐकलं असेल असं मला वाटत नाही...

उन्हाळा लागला तेव्हा भाऊ कुरकुर करू लागला. गाडी मागून उडते, लहरींवर पाठ मोडते. आम्ही स्क्रू फिरवले, टायरमधली हवा कमी केली, फरक पडेना. एका रविवारी मी म्हटलं, पहिल्यापासून मापू. तो बसला, मी पट्टी लावली. माप चुकलं असं वाटून पुन्हा लावली. गाडी पूर्वीपेक्षा फार कमी बसत होती. रिंग मात्र त्या पांढऱ्या ठिपक्यावरच होती.

"स्प्रिंग कडक व्हयनी असेल," भाऊ म्हणाला.

"भाऊ, स्प्रिंग वापरून नरम होते. कडक कधी होत नाही."

तो गाडीवरून उतरला नाही. दोन्ही हात हँडलवर, नजर समोर, कपाशीसाठी नांगरून ठेवलेल्या शेतांकडे. मीही उठलो नाही, मडगार्डला पट्टी लावून तसाच बसून राहिलो. आम्हा दोघांनाही एकाच वेळी कळलं होतं. अंगावरच्या जाड जाकिटामुळे आणि छातीवरच्या कवचामुळे रविवारच्या रविवारी मला काही दिसलं नव्हतं. परतताना मी त्याला ओळखीच्या एका जिनिंगवर नेलं. तिथे कापसाची गाठोडी तोलायचा काटा असतो. भाऊ बूट काढून त्यावर उभा राहिला. काट्यावरच्या माणसाने आकडा वाचला तसा भाऊ म्हणाला, "काटा बरोबर शे ना?" त्याचं वजन तेरा किलो उतरलं होतं. परत कारमध्ये बसल्यावर त्यानं सांगितलं की दोन महिने झाले, चार घासांच्या वर जात नाही. वहिनी विचारायच्या तर म्हणायचा, ऊन आहे.

पुढचं लवकर लवकर झालं. धुळ्याच्या डॉक्टरांनी नाशिकला पाठवलं, नाशिकच्या डॉक्टरांनी पोटाचा कर्करोग सांगितला, ऑपरेशन झालं, मग सलाइनमधून औषधं सुरू झाली. गाडी अपार्टमेंटखाली कापड टाकून उभी होती. पावसाळ्याच्या मध्यावर एकदा भेटायला गेलो तर भाऊ गॅलरीत खुर्चीवर बसलेला, डोक्याला रुमाल. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाला, "आते तू बस गाडीवर. तुन्हा वजनवर लाव ती."

मी नाही म्हटलं. गाडी तुझी आहे, तू बरा हो, मग बघू. तो चिडला. इतका चिडला की त्याला खोकला आला. मीही हट्टाला पेटलो. ती रिंग फिरवायची म्हणजे तो आता बसणार नाही हे मान्य करायचं, आणि मला ते करायचं नव्हतं. शेवटी वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. पदराला हात पुसत म्हणाल्या, "लावा भाऊ तुमच्या वजनावर. हे रोज दुपारी मला झोप लागली असं समजून खाली जातात. त्या गाडीवर बसतात, उतरतात आणि वर येतात. जिने चढताना यांना किती धाप लागते ते मला ऐकू येतं. एकदा तुमची झाली की जाणार नाहीत."

भाऊनं मान खाली घातली. त्याला वाटत होतं, वहिनींना माहीत नाही.

आम्ही तिघंही खाली गेलो. मी बसलो. पट्टी भाऊनं लावली, त्याला वाकता येत नव्हतं म्हणून वहिनींनी त्याला दंडाला धरलं. रिंग फिरवायला छिन्नी लावून हातोडी मारावी लागते, ती मी मारली. पांढरा ठिपका सोडून रिंग फिरत खाली गेली. भाऊ म्हणाला, "अजून थोडं... बस." आणि त्या दिवसापासून त्याचा सूर पुन्हा पूर्वीसारखा झाला. पाऊस थांबल्यावर आम्ही पुन्हा माळावर जाऊ लागलो. वहिनी त्याला कारने आणायच्या. तो कडुनिंबाखाली प्लास्टिकच्या खुर्चीवर बसायचा, मी चकरा मारायचो आणि थांबून सांगायचो. आमची भांडणंही व्हायची. मला गाडी नरम आवडते, त्याला कडक. "तुले गाडी नही, गादी पाहिजे," असं म्हणून तो वहिनींकडे बघायचा. त्यांना त्यातलं काही कळत नसे, पण त्या हसायच्या. गाडी आली त्या दिवशी न हसलेल्या वहिनी त्या माळावर हसताना मी पाहिल्या.

दिवाळीच्या आधी नाशिककडे शर्यत होती, पंचेचाळिशीच्या वरच्यांची वेगळी. भाऊला प्रवास झेपण्यासारखा नव्हता. मी गेलो, त्याच्या गाडीवर. धूळ, आवाज, छातीत धडधड, आणि डोक्यात एकच गोष्ट की नंतर हे सगळं सांगायचं आहे. चौथा आलो. एवढ्या मोठ्या शर्यतीत इतका वर मी कधी आलो नव्हतो. हेल्मेट काढून फोन लावला. कितवा आलास हे त्यानं विचारलंच नाही. त्याचा आवाज फार खोल गेला होता. "बठ्ठं सांग," म्हणाला, "पहिला वळणपासून." मी धुळीत बसून सांगत राहिलो. पहिलं वळण, दुहेरी उडी, शेवटचा लहरींचा पट्टा. तिथे मागचा भाग एकदाही उडाला नाही, भाऊ, मी ब्रेक उशिरा मारला आणि दोघांना तिथेच मागे टाकलं. मग तो म्हणाला, "तू ब्रेक उशिरा मारा?" आणि हसला. मी ब्रेक लवकर मारतो, हे त्याचं माझ्याबद्दलचं जुनं गाऱ्हाणं होतं. आमचं हे शेवटचं नीट बोलणं. पुढे मी दोनदा जाऊन आलो, पण तो बहुतेक झोपेतच असायचा. दिवाळी झाल्यावर वहिनींचा तो फोन आला.

उत्तरकार्य होऊन काही आठवडे झाले. मागच्या रविवारी वहिनींनी बोलावलं. मला वाटलं, गाडी विकायची असेल. त्या खाली पार्किंगमध्येच उभ्या होत्या, साडीचा पदर कमरेला खोचलेला, पायात पांझरा नदीच्या काठाला फिरायला जायचे कापडी बूट. "गाडी तुम्हीच न्यायची, हे यांनी सांगून ठेवलंय," त्या म्हणाल्या. "पण आधी मला ती एकदा चालू करून बघायचीय."

असल्या गाडीची किक सोपी नसते. आधी पायाने हळूच दाबत न्यायची, जिथे घट्ट लागते ती जागा शोधायची, मग थोडी वर येऊ द्यायची आणि पूर्ण जोर लावायचा. मी दाखवलं आणि गाडी दोन्ही हातांनी धरून ठेवली. पहिल्यांदा त्यांचा पाय निसटला. मग किक उलटी आली, पोटरीला लागलं. मी म्हटलं, वहिनी, मी मारून देतो. त्यांनी मान हलवली. कपाळावर घाम आला, श्वास फुलला. मी मध्ये मध्ये काही सांगू लागलो की हाताने गप्प करायच्या. किती वेळ गेला कोण जाणे... आणि एकदा पाय पूर्ण खाली गेला आणि गाडी सुरू झाली.

बंद पार्किंगमध्ये तो आवाज केवढा मोठा होतो! वरच्या मजल्यांवरची माणसं गॅलरीत आली आणि कठड्यावरून वाकून खाली पाहू लागली. वहिनींनी सीटवर हात ठेवला. मग तो उचलून टाकीवर ठेवला, इंजिनच्या अगदी वर, जिथे थरथर सगळ्यात जास्त जाणवते.

थोड्या वेळाने मी मोठ्यानं विचारलं, "बंद करू?"

त्यांना ऐकू आलं नसावं. मी पुन्हा विचारलं नाही.