खोबरेल थिजायची वाट

गोवा राज्य झालं त्याच्या दुसऱ्या वर्षी मी घाटावरून मुळगावात सून म्हणून आले. शाळा चौथीपर्यंत, पण रेघा मोजता येत होत्या, नि त्या रेघांनीच माझं माहेर अडवलं.

रेघा मांयच्या, म्हणजे माझ्या सासूच्या. जनेलात, म्हणजे खिडकीत, ठेवलेल्या बाटलीतलं खोबरेल ज्या सकाळी थिजून पांढरं व्हायचं, त्या सकाळी ती स्वयंपाकघराच्या दारामागे सुरीने एक रेघ मारायची. एका हिवाळ्याची एक ओळ. ती लग्न होऊन आली तेव्हाची ओळ पार कडीपर्यंत. पुढच्या आखूड, मग आणखी आखूड. मी आले त्या सालची चार बोटं.

माझं चेडू, माझी लेक, तीन महिन्यांची झाली नि मला ती आईला दाखवायची होती, गुडघ्यांमुळे तिला घाट उतरवत नव्हता. मांय म्हणाली, "आधी तेल थिजूंदे, मगे वितळूंदे. थंडी येवन गेली की मगच चेडवाक घाटार घेवन जा." मी पण घाबरलेच, लहानपणी घाटावर थंडीत आम्ही शेकोटीपुढून उठत नव्हतो.

पौष गेला, काजूला मोहर आला, तेल आपलं पाण्यासारखं. मांयला वाटलं, थंडी गेली असं दाखवायला मीच बाटली चुलीकडे सरकवते. तिने ती तुळशीपाशी ठेवून बघितली, तरी डुचमळतंच. आता थंडी आलीच नाही तर ती जाणार कधी, नि मी जाणार कधी?

शेवटी बाटली पदराखाली घेऊन कोपऱ्यावरच्या दुकानात गेले. तिथे सोड्याच्या बाटल्यांसाठी फ्रीज होता. दुकानदारीण हसली, पण ठेवून घेतली. दुपारी तेल दगड. धापा टाकत घरी आले, बाटली जनेलात ठेवली नि मांयला हाक मारली.

तिने बाटली उचलली. बाहेरून पाणी सुटलेलं, तिची बोटं ओली झाली.

"थंडी खंय मेळली गे तुका? दुकानात?"

ती सुरी घेऊन दारामागे गेली, त्या ओळींकडे बघत राहिली, रेघ काही मारली नाही.

"येवची नाय ती औंदा," म्हणाली. "जा तू."

नि दोन गोधड्या नि कानटोपी बांधून दिली.

घाटावर आईने नात मांडीवर घेतली, आधी कानटोपी काढली, मग एक गोधडी, मग दुसरी, मग सुपाने वारा घालत बसली. शेकोटीच्या जागी कोंबड्या माती उकरत होत्या.

आठ दिवसांनी चेडवाच्या मानेवर घामोळं घेऊन मी घाट उतरले. मांयला काय सांगू, याचीच जुळवाजुळव बसमध्ये करत होते. तिने टोपडं मागे सारून मान बघितली.

"घाटार?" म्हणाली. थोड्या वेळाने परत, "घाटार?"

मग रेघांच्या दाराकडे बघितलं नि म्हणाली, "त्या तुझ्या दुकानात जा गे, नि हिच्या मानेर लावूक बर्फ घेवन ये."