तेरा महिने आधीचा झेंडा

सीना नदीच्या अलीकडे आमचे गाव बीड जिल्ह्यात येते, पलीकडे नगर जिल्हा लागतो. छबुबाईंच्या लहानपणी अलीकडे निजामाचे राज्य होते आणि पलीकडे इंग्रजांचे. मध्ये करोडगिरीचा नाका होता, म्हणजे जकातीची चौकी.

दोन हजार तेवीसच्या पावसाळ्यात ग्रामपंचायतीने शाळेपुढे स्वातंत्र्यसैनिकांच्या नावांचा शिलाफलक बसवायचे ठरवले. त्यावरची नावे कोरली जात असताना पंच्याऐंशीच्या छबुबाई काठी टेकत सभेला आल्या. वडिलांचे, हरिबांचे, नाव त्यावर यावे एवढेच त्यांचे मागणे होते. घरकुलासाठीसुद्धा त्या कधी पंचायतीची पायरी चढल्या नव्हत्या.

फलकाचे काम निवृत्त मास्तर रामेश्वर यांच्याकडे होते. ते म्हणाले, हरिबांनी झेंडा लावला हे गावाला ठाऊक आहे, पण तो लढा नव्हता, गैरसमज होता.

हे खरेच होते. सत्तेचाळीस साली अधिक श्रावण आला होता. महिना सरत आला तेव्हा हरिबा बायको-मुलीला घेऊन पलीकडे सासरवाडीला धोंड्याच्या जेवणाला गेले. तो नेमका पंधरा ऑगस्ट. तिथे घरोघर पेढे वाटले जात होते. सासऱ्यांनी जावयाला अनारशांची टोपली दिली आणि तळाशी झेंड्याची घडी ठेवली. परतताना नाकेदाराने टोपली उघडली, दोन अनारसे खाल्ले, दोन खिशात घातले आणि तेवढ्यावर सोडून दिले. देश सुटला म्हणजे आपणही सुटलो, असे धरून हरिबांनी संध्याकाळी चावडीवर झेंडा बांधला. दुसऱ्या दिवशी पोलिसांनी त्यांना धरून नेले.

"मग अनारसे सैनिक म्हणून लिवा की," मागून बंकट म्हणाला. तो पंचायतीचा सदस्य. सभा हसली. छबुबाईही हसल्या. मग त्या जे बोलल्या ते मी घरी येऊन लगेच उतरवून ठेवले होते, तसेच देते.

"गुरुजी म्हणत्यात ते बरोबर हाय. आबाला ठावच नव्हतं. मी आईसंगं भाकरी घिऊन ठाण्यावर गेलते. तिथला अमीन, म्हंजी फौजदार, म्हणला, चुकून लावला म्हण, अंगठा दे अन् जा घरी. आई लई रडली. आबा तिला म्हणले, लावला तवा चुकूनच लावला. पर आता मला समदं ठाव हाय. आता चुकून म्हणलो तर ते खोटं हुईल."

हरिबा सुटले ते तेरा महिन्यांनी, निजामाचे राज्य गेल्यावरच. छातीचे दुखणे घेऊन आले आणि फार जगले नाहीत. एका अंगठ्याने काय बिघडले असते, असे त्यांची बायको शेवटपर्यंत म्हणत राहिली. छबुबाईंनी तेही सभेला सांगितले.

हे आणखी कोणी ऐकले होते का, असे रामेश्वर मास्तरांनी विचारले.

"आई हुती, अमीन हुता. दोघंबी गेले. मी हाय."

मग सरपंच विजयमाला यांनी हरिबांच्या नावासाठी हात वर करायला सांगितले. बंकटचा हात सगळ्यांत उशिरा वर गेला, पण गेला. वरची नावे आधीच कोरून झाली होती, त्यामुळे हरिबांचे नाव तळाला आले.

पंधरा ऑगस्टला फलक उघडावा असे ठरत होते. यंदाही अधिक श्रावणच होता आणि तिथीही तीच पडत होती. छबुबाईंनी मात्र त्या दिवशी यायला साफ नकार दिला. त्या दिवशी आपण सुटलो नव्हतो, एवढेच त्या म्हणाल्या. म्हणून फलकावर महिनाभर कापड राहिले आणि सतरा सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनी, ते छबुबाईंच्या हातून निघाले.

त्यांना वाचता येत नव्हते. मास्तरांनी त्यांचे बोट धरून तळाच्या ओळीवर ठेवले. त्यांनी ते दोनदा फिरवले आणि येताना आणलेली टोपली उघडली. पहिला अनारसा मास्तरांना दिला. बंकट मागेच उभा होता.

"ये रं नाकेदारा," त्या म्हणाल्या.

बंकटने दोन घेतले.