पाचटाखालची ओली माती

या ब्लॉगवर उशिरा लिहितोय, माफ करा. एप्रिलातला प्रवास, आणि लिहायला बसलो शाळा उघडायला आठवडा राहिल्यावर. गुडघ्याचं निमित्त सांगता आलं असतं, पण ते खोटं ठरेल.

मी दौंडजवळच्या एका खेड्यातल्या शाळेचा निवृत्त शिपाई. शिक्षण सातवी. आमच्या बाईंनी मुलांकडून शाळेत परसबाग करून घेतली होती. बदली होऊन कवठे येमाईला जाताना त्यांनी ती माझ्या हवाली केली. पहिल्याच उन्हाळ्यात वाळली. "पोरं पाणी घालायच्या पाळ्या चुकवतात," असं मीच हेडमास्तरांना सांगितलं. पोरांनी बोलणी खाल्ली. बाईंनी तिकडं माळावर बाग जगवली असं ऐकलं, म्हणून बघायला निघालो.

दौंडहून न्हावऱ्यावरून शिरूरला जाणारी पहिली एसटी धरा. म्हाताऱ्यांना अर्धं तिकीट, पण आधारकार्ड लागतं. मी सारखा खिसा चाचपत होतो. कंडक्टर म्हणाला, "आप्पा, हाय तिथंच हाय कार्ड. पळून न्हाई जात." शिरूरला स्टँडबाहेर मिसळ खाल्ली, पित्त असेल तर तर्री नको म्हणा. पुढं कवठ्याला वडाप जीप. भरल्याशिवाय हलत नाही, आणि उन्हाळ्यात शाळा सकाळची. शाळा सुटायच्या आत पोचतो का नाही, या घोरात रस्त्यातलं काही बघितलंच नाही.

पोचलो. बागेत सगळीकडं कचरा! वाफ्यांवर उसाचं पाचट, लिंबाचा पाला. जन्माची सवय, वाकून गोळा करायला लागलो.

"ओ आबा, पांघरूण नका वडू!" एक पोरगी ओरडत आली. "हात घाला की खाली."

घातला. माती गार, ओली.

"पाणी कवा दिलंय?"

"परवा. खिचडी खाऊन हात धुतलेलं."

मी रोज पाणी घालत होतो, पोरंही घालत होती. पण रोज सकाळी खराट्यानं पान न् पान झाडून मी वाफे लख्ख करायचो, पाला पेटवायचो. साहेब तपासणीला आले की आवार चकाचक लागायचं, तेच हातात बसलं होतं. दुपारी त्या उघड्या मातीला भेगा पडायच्या.

बाई आल्या. "आप्पा, आपली बाग कशी आहे?"

"चांगली हाय," मी म्हणालो.

त्या केवढ्या हरखल्या! मुलांसाठी दोडक्याच्या बियांची पुडी दिली. "ब्लॉगवर लिहा हं, मी वाचते." परतीच्या एसटीत मी आधारकार्ड सोडून ती पुडीच चाचपत बसलो.

बाई, बाग वाळली ती माझ्यामुळं. पोरांनी एक पाळी चुकवली नव्हती. "पोरांना जमत न्हाई," म्हणून हेडमास्तर तिथं सिमेंटचे ब्लॉक बसवणार आहेत. काल त्यांना जाऊन खरं सांगितलं. ते म्हणाले, "बाग पुन्हा जगेल असं बाईंनी फोन करून सांगितलं तर थांबतो." तुम्हाला फोनवर हे सांगायचं धाडस होईना, म्हणून इथं लिहितोय. पाचट आणून ठेवलंय, पुडी अजून बांधलेलीच आहे. ब्लॉकची गाडी सोमवारी येणार. माझ्यावर रागवा, पण त्याआधी त्यांना फोन करा, आणि मला कळवा.