माझीच बोली मला शिकवणारे

सत्तर सालच्या आसपास मी मढहून अंधेरीच्या कॉलेजात जायची. होडीने वर्सोवा, पुढे बस. आमचा मासळीचा धंदा आहे हे कळल्या दिवसापासून बाकावर शेजारी बसणारी पार्ल्याची मुलगी नाकाला रुमाल लावू लागली. त्याआधी सबंध सहामाही तिला कसलाच वास आला नव्हता.

दुसऱ्या वर्षी गॅदरिंगला तिच्याच कंपूतल्या मंडळींनी कोळ्यांवर नाटुकलं बसवायला घेतलं. मग मी एकदम ‘अगं, तू तर आपलीच’ झाले. दोन वाक्यांची कोळीण माझ्या वाट्याला आली. दिग्दर्शक होता वाङ्मय मंडळाचा सेक्रेटरी. वर्गात माझ्या तोंडून ‘पानी’ निघालं की मागून खोकायचा तो हाच.

तालमीत मी घरी आय बोलते तसं म्हटलं, “तुजा बापूस दर्यान गेलाय, मना नको इचारू.”

त्याने हात वर केला. “थांब, थांब. दर्यान काय?”

“म्हणजे दर्यात. आम्ही असंच बोलतो.”

“असशील बोलत. पण हे कोळी वाटत नाही गं! कमरेवर हात ठेव, ठसक्यात म्हण, ‘तुजा बाप दर्याला गेलाय वं!’”

“आमच्यात कुणी वं म्हणत नाही.”

“नाटक तुला कळतं की मला?”

“मी करून दाखवू?” रुमालवाली उठलीच. तिने कंबर उडवली, दर शब्दाला वं लावला. पोरं खिदळली. माझा पार्ट तिला गेला.

“वाईट वाटून घेऊ नकोस हं,” सेक्रेटरी म्हणाला. “आईचं लुगडं मात्र आण. अस्सल दिसेल.”

मी म्हटलं, “आणते की. आय तेच नेसून बाजारात बसते. कितीही धुतलं तरी मासळीचा वास जात नाही.”

रुमालवालीचं तोंड कडू झालं. मी लुगडं नेलं नाही, त्यांनीही पुन्हा मागितलं नाही. दुकानातून चमकीचं काहीतरी भाड्याने आणलं.

पहिलं बक्षीस त्यांनाच मिळालं. परीक्षक ‘अस्सल मातीचा गंध’ असं काहीसं बोलले. रुमालवाली अगदी लाजली. घरी मी आयला तो वं करून दाखवला. वाकटी साफ करता करता ती थांबली.

“कोन बोलतं असा?”

“कॉलेजातले कोळी,” मी म्हटलं.

ती इतकी हसली की शेजारीण बघायला आली. मला मात्र हसू आलं नाही. त्या लोकांची नुसती किळस आली. पुढची दोन वर्षं मी वर्गात घरचंच बोलले, मुद्दाम मोठ्याने. मागे खोकणारा खोकत राहिला.